फिल्टर हाउसचा चढ

१२ जानेवारी

तुझं पत्र मिळालं. वर 'प्रिय' लिहिलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. फिटंफाट.

तुझी अट मान्य आहे. फोन करायचा नाही, कारण फोनवर मी ओरडतो. पत्र लिहायचं, आणि त्यात फक्त गाडीबद्दल लिहायचं. ठीक. आता ओरडतो म्हणजे काय, उभा जन्म गॅरेजमध्ये गेला, चालू इंजिनाच्या वरताण बोलायची सवय आहे. पण हे गाडीबद्दल नाही. खोडलं समज.

तर गाडी. तू लिहितेस की थांबलेली गाडी निघताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, तिला ऐकूच गेलं नाही असं वाटतं, आणि मग एकदम झटका देऊन पुढे जाते. शिवाय तुझ्या नोकरीच्या जागी, पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टर हाउसकडे जाणाऱ्या चढावर, दुसऱ्या वळणानंतर, मिसिंग करते. चारातला एखादा सिलिंडर मध्येच काम टाकून बसतो आणि गाडी ठेचकाळत चढते. इथपर्यंत तुझं लिहिणं अगदी छान. इतकी वर्षं गॅरेजच्या काउंटरवर बसून तू जे उचललंस, ते गाड्या बाळगणाऱ्यांनाही येत नाही. माझ्याकडे येणारे लोक 'गाडीला काहीतरी होतंय' एवढं सांगून चहा मागतात.

पुढे मात्र तू एक वाक्य टाकलं आहेस. "आमचे पंपसाहेब म्हणाले, करंटचा प्रॉब्लेम वाटतो."

हे पंपसाहेब कोण? आधीच्या दोन पत्रांत हा माणूस नव्हता. त्या पत्रांत तुझी प्रयोगशाळा होती, पाण्याचे नमुने होते, घरमालकिणीचं बोलकं पोपटाचं पिल्लू होतं. आता एकदम पंपसाहेब, आणि तेही आमचे. पाणी टाकीत चढवणाऱ्या पंपांवर देखरेख करणारा माणूस असणार, एवढं मला समजतं. ज्याचे पंप विजेवर चालतात त्याला जिकडेतिकडे करंटच दिसणार. त्यांनी आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं का? उघडलं असेल तर कुणाच्या परवानगीने? ही गाडी काही कंपनीतून निघाली तशी राहिलेली नाही. बॉडी जुनी, इंजिन मी दुसऱ्या मोठ्या गाडीचं बसवलं, एका कार्बोरेटरच्या जागी दोन लावले, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं, रेडिएटरला विजेवरचा पंखा दिला. हिच्या पोटात काय कुठून आणून बसवलं आहे ते या जगात मला माहीत आहे आणि तुला.

दोष कार्बोरेटरचा आहे. दोन कार्बोरेटरांतून सारखी हवा जात नसणार, किंवा मध्ये कुठेतरी जोड ढिला होऊन फुकटची हवा ओढली जात असणार. इंजिन चालू ठेव आणि जोडांवर साबणाचं पाणी सोड. जिथे आवाज बदलेल तिथे भोक आहे. तरीही सापडलं नाही तर पुढचं मी सांगेन.

तोवर एवढं लिहून पाठव. गाडी थंड असताना अडखळते की तापल्यावर? पंखा लागला की वाढतं का? तू एकटी असताना जास्त होतं की गाडीत आणखी कुणी असताना? असलं तर ते पुढे बसतं की मागे? वजन साधारण किती असेल? निदानासाठी हे सगळं लागतं. मीटरवर किती किलोमीटर झाले तेही लिही. ऑइलसाठी हवंय.

खाली काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून नुसती सही करतो.


२१ जानेवारी

उत्तरं मिळाली. तुझी उत्तरं वाचून आपल्या गॅरेजातला पेंटर पोट धरून हसला. त्याला पत्र दाखवायचं नव्हतं, पण हा माणूस ओल्या रंगावरच्या माशीसारखा मागे लागतो, तुला माहीतच आहे.

तू लिहितेस: "तापल्यावर होतं. पंखा लागला की वाढतं. एकटी असले की कमी, दोघं असलो की जास्त. पुढे बसतात. वजन मी विचारलेलं नाही. ऑइल मी बदललं आहे, त्यामुळे किलोमीटर तुम्हाला लागणार नाहीत."

जोडांवर साबणाचं पाणी सोडलं, आवाज कुठेही बदलला नाही, असंही लिहिलं आहेस. बरं.

किलोमीटरचं मनावर घेऊ नकोस. मी खरंच ऑइलसाठी विचारलं होतं. पूर्वी मी रोज संध्याकाळी मीटर बघायचो ते वेगळं, आणि त्यावरून आपल्यात जे व्हायचं ते होऊन गेलं. आता तो विषय मी काढत नाही, तूही काढू नकोस.

पण दोघं असलो की, हे काय आहे? कोण दोघं? पंपसाहेब रोज तुझ्या गाडीतून चढ चढतात का? त्यांना स्वतःचं वाहन नाही? एवढ्या मोठ्या पंपांचा साहेब आणि त्याला चढावर जायला दुसऱ्याच्या बायकोची गाडी लागते? मी हे निव्वळ इंजिनाच्या काळजीने लिहितो आहे. जास्त वजन म्हणजे जास्त ताण. तुला वाटेल, याला पोटशूळ उठला. उठला आहे. लपवून काय करू? तू पुढच्या सीटबद्दल लिहिलंस आणि मला ती सीट दिसायला लागली. तिचं कव्हर मी तुला आवडतं म्हणून निळं शिवून घेतलं होतं, आणि त्यावर दुसरा कुणी टेकून बसतो, खिडकी खाली करतो, कदाचित तुला म्हणतो की ह्या सीट किती आरामशीर आहेत.

पेंटर तुझी उत्तरं वाचून म्हणाला, "मालक, पंखा लागल्यावर आणि माणसं बसल्यावर मिसिंग वाढतं, म्हणजे..." मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. त्याला म्हटलं, तू पत्रा घास. इंजिनाचं मी बघतो.

माझा सल्ला असा. पेट्रोल कमी पडतंय. दोन्ही कार्बोरेटरांचे मिक्श्चरचे स्क्रू अर्धा अर्धा फेरा बाहेर काढ, म्हणजे पेट्रोल जास्त जाईल आणि चढावर दम येईल. स्क्रू तूच फिरव. स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस, त्या स्क्रूंचे आटे नाजूक आहेत.

आणि पंपसाहेबांना सांग, पायी चढल्याने प्रकृती चांगली राहते.


२ फेब्रुवारी

तुझं पत्र वाचलं, दोनदा वाचलं, मग बाहेर जाऊन आलो आणि पुन्हा वाचलं.

गाडी दुसऱ्या वळणावर बंद पडली. मागून ट्रक येत होता. प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट, बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा भपका. पंपसाहेबांनी खाली उतरून चाकामागे दगड लावला, ट्रकवाल्याला हात करून थांबवलं आणि तुझ्या नमुन्यांच्या बाटल्यांचा क्रेट उचलून तुझ्याबरोबर वरपर्यंत चालत आले. सकाळचा पहिला नमुना चुकला. तुझ्या वरिष्ठांनी सगळ्यांसमोर तुला विचारलं की रोज वेळेवर येणं जमणार नसेल तर तसं सांगा. इतक्या वर्षांनी शिक्षणाचं चीज झालं, अशी नोकरी हातात आली, आणि ती या गाडीपायी जाईल असं तू लिहितेस.

ट्रकचं वाचून माझे हातपाय गार पडले. हे मी खरं लिहितो आहे. त्याच्याच पुढच्या ओळीत दगड लावणारे पंपसाहेब आले आणि हातपाय गार पडायचे थांबून कान तापले, हेही खरं आहे. क्रेट मी उचलला असता. ते काम माझं आहे. लग्नानंतर तुझ्या पुस्तकांची पेटी जिन्यावरून मी एकट्याने वर नेली होती आणि तू मागून म्हणत होतीस, "अहो, हळू, हळू."

स्क्रू होते तसे आत घे. प्लग घासून लाव.

आणि शेवटी तू जे लिहिलं आहेस, तुझ्या नेहमीच्या थंड अक्षरात, ते मला झोंबलं. "महिनाअखेर गाडी नीट झाली नाही तर विकून टाकते. मला वेळेवर पोचवेल अशी साधी छोटी गाडी घेईन. जुन्या गाडीला गिऱ्हाईक आहे. पंपसाहेबांना तिच्यात रस आहे, ते स्वतः दुरुस्त करून घेतील."

रस आहे!

तू निघालीस तेव्हा दारात उभी राहून काय म्हणाली होतीस ते आठवतं? मी विचारलं, परत येणार की नाही ते सांगून जा. तू किल्ली हातात फिरवत म्हणालीस, "यावंसं वाटलं तर ह्याच गाडीतून येईन. बसने नाही येणार." मग मला वाटलं, जोवर गाडी तिच्यापाशी आहे तोवर रस्ता उघडा आहे. गॅरेजसमोर जुन्या इंजिनाचा आवाज आला की मी अजून हातातलं काम टाकून बाहेर बघतो. पेंटरने त्यावरून मला चिडवणंही आता सोडलं आहे. आणि ती गाडी तू त्या माणसाला देणार? म्हणजे उद्या तो माझ्या इंजिनाचे बोल्ट उघडणार, मी कुठे काय जोडलंय ते बघून मान हलवणार, आणि तू बाजूला चहा घेऊन उभी!

विकू नकोस. मी काहीतरी सुचवतो. एवढा महिना जाऊ दे.


५ फेब्रुवारी

त्या दिवशीच्याच रागात लिहितो आहे, तरी लिहितोच.

गाडी त्याला द्यायची असेल तर आधी मला कळव. मी येतो, इंजिन उतरवून घेतो, दोन्ही कार्बोरेटर काढतो, पंखा काढतो, सीटची निळी कव्हरंसुद्धा उसवून आणतो. उरलेला पत्र्याचा डबा त्याने खुशाल घ्यावा आणि आपल्या पंपाला जोडून चालवावा.

स्क्रू आत घेतलेस का?


१९ फेब्रुवारी

पेंटर म्हणाला, या वेळी पोस्टात टाकण्याआधी एक दिवस जवळ ठेवा. म्हणून हे पत्र काल लिहिलं, आज पुन्हा वाचलं, आणि काही न खोडता पाठवतो आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गॅरेज लवकर बंद केलं. तू लिहिलं आहेस की दोष तुला सापडला. पंपसाहेबांनी नाही, मीही नाही, तू शोधलास. इंजिनापासून बॉडीला जाणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची पट्टी, करंट परत बॅटरीकडे नेणारी, म्हणजे अर्थिंगची, हिरवी पडून कुजली आहे. तू रोज गाडी क्लोरीनच्या खोलीशेजारी लावतेस, तिथल्या हवेने तुझ्या कपाटाची बिजागरंसुद्धा हिरवी पडतात, मग तुला वाटलं की गाडीतलं तांबं तरी कसं वाचेल. खाली वाकून बघितलंस आणि बोटांनी चिमटल्याबरोबर पट्टीचा भुगा झाला. मग बॅटरीच्या मायनसपासून इंजिनापर्यंत एक जाड वायर तात्पुरती जोडलीस, गाडी तापू दिलीस, पंखा लागू दिला, आणि चढावर घेऊन गेलीस. अडखळणं संपलं.

हे मी इथे बसून कधीच ओळखू शकलो नसतो. क्लोरीनची खोली मी बघितलेली नाही. तुझी कपाटंही बघितलेली नाहीत. शाबास म्हणावंसं वाटतं, पण तो अधिकार मी या महिन्यात घालवला आहे.

कारण पुढे तू लिहितेस: "पट्टी तुम्हाला कळली नसती, मान्य. पण दोष करंटचा आहे हे तुम्हाला माझ्या पहिल्या उत्तरातच कळलं असणार. पंखा लागला की वाढतं, वजन वाढलं की वाढतं. हे मला तुम्हीच शिकवलंय. कार्बोरेटरला पंख्याशी काय घेणं? तरी तुम्ही मला स्क्रू फिरवायला लावलेत. माझ्या मागे ट्रक होता. मला एकच उत्तर द्या. तुम्हाला माहीत होतं ना? खरं लिहा. गाडीचं काय करायचं ते मी त्यावर ठरवीन."

उत्तर द्यायचं म्हणून पाच वेळा कागद घेतला. कार्बोरेटरचाही दोष असू शकतो, अनुभवी माणूससुद्धा चुकतो, लांबून निदान अवघड असतं, असं सगळं लिहून झालं आणि फाडून झालं. मग वाटलं, कागदावर नको, तोंडावरच सांगावं. गॅरेजमधली नवी पट्टी घेतली, चांगली जाड, दोन्ही टोकांना कथील लावलेली, पाने घेतले आणि बसमध्ये बसलो. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

बसवाल्याने मला चढाच्या पायथ्याशी उतरवलं. दुसरं वळण तू लिहिलंस तसंच आहे, एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला एक बंद पडलेलं दुकान. ट्रक तिथून जाताना कठड्याला जवळजवळ घासतो. तुझी गाडी जिथे बंद पडली असेल तिथे मी जरा वेळ उभा राहिलो. मग दुकानाच्या ओट्यावर बसलो. तू येणार हे नक्की होतं, कारण तू वेळेची पक्की आहेस.

आधी आवाज आला. तो आवाज मी हजार गाड्यांत ओळखेन. मी ओट्यावरून उठून खांबाच्या आड गेलो. का गेलो ते विचारू नकोस, चोरासारखा गेलो. गाडी वळणावर आली. तुम्ही दोघं होतात. ते पुढे बसले होते, मांडीवर बाटल्यांचा क्रेट धरून. चांगला उंचापुरा माणूस आहे. मी मनात त्याला टकला आणि ढेरपोट्या करून ठेवला होता, त्यातलं काही नाही. तू काहीतरी सांगत होतीस आणि एक हात स्टिअरिंगवरून उचलून दाखवत होतीस. इंजिन तापलेलं होतं, पंखा चालू होता, मला ऐकू येत होता. दोन माणसं, बाटल्या, चढ, पंखा. गाडीला अडखळायला याहून चांगली जागा नव्हती.

आणि मी खांबाआड उभा राहून मनात म्हणत होतो, अडखळ. एकदा अडखळ.

हे मी माझ्याच हाताने बांधलेल्या गाडीला म्हणत होतो, आणि तिच्यात तू बसली होतीस, आणि खालून कुठलाही ट्रक येऊ शकला असता. मला ते कळत होतं. तरी म्हणत होतो. अडखळली की मी पुढे होईन, बॉनेट उघडीन, तो माणूस क्रेट घेऊन बाजूला उभा राहील आणि तू म्हणशील, "अहो, तुम्ही?" एवढंच मला हवं होतं.

नाही अडखळली. वळण घेतलं, तू गिअर बदललास, अगदी जिथे बदलायला हवा तिथे, आणि गाडी एका दमात वर गेली. सायलेन्सरचा आवाज एकसारखा, चारही सिलिंडर आपापल्या वेळी. एखाद्या गिऱ्हाइकाची गाडी अशी चालताना ऐकली असती तर मी पेंटरला बोलावून ऐकवलं असतं. वरच्या फाटकापर्यंत मी आवाज ऐकत उभा राहिलो. मग खाली उतरलो आणि परतीची बस पकडली. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं नाही का तुम्हाला? मी म्हटलं, गाडी लागते मला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, मला माहीत होतं.

तुझी उत्तरं वाचता वाचताच कळलं होतं. पेंटरलाही कळलं होतं. चढावर इंजिनावर ताण आला की प्लगला जोरदार ठिणगी लागते, आणि पंखा विजेचा वाटा ओढून घेतो. हे शिकाऊ पोरालाही कळतं. पण तसं लिहिलं असतं तर पंपसाहेब बरोबर ठरले असते, आणि त्यांचं बरोबर ठरणं माझ्या अक्षरात तुझ्यापर्यंत जायला नको होतं. म्हणून मी तुला पेट्रोल वाढवायला लावलं, आणि तुला त्या वळणावर अडकवून टाकलं. तुझ्यावर माया आहे म्हणून असं झालं, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. मत्सर होता. तो त्या माणसाचाही नव्हता फारसा. तुझं माझ्यावाचून नीट चाललं आहे, त्याचा होता. आजही आहे. तुझं पत्र वाचून, गाडी सुधारली याचा आनंद झाला असं लिहायला हवं. झाला नाही.

गाडीचं काय करायचं ते तू ठरव. ठेवलीस तर ठेव. त्यांना द्यायची असेल तर दे, मी इंजिन उतरवायला येणार नाही.

तात्पुरत्या वायरवर फार दिवस फिरवू नकोस. ती तापेल, आणि चढावरच दगा देईल. पट्टी माझ्या खिशातच राहिली होती, ती या पत्राबरोबर पाठवतो आहे. दोन्ही टोकांखालचा पत्रा आधी चकचकीत घासून घ्यायचा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावायचं, म्हणजे क्लोरीन पोचणार नाही. आणि गाडी त्या खोलीपासून लांब लावत जा. इंजिनाच्या बाजूचा बोल्ट खालून आहे. एकाने वरून धरावं लागतं आणि दुसऱ्याने खालून आवळावं लागतं, एकट्याचं काम नाही. त्या वेळी वरून कुणी धरलं, ते मला कळवू नकोस. मी विचारणार नाही.